शांतवन गुरुजींची भीती

शांतवन गुरुजी भीत असत, आणि तसं सांगतही असत. आमच्या गावाला पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरीचंच नवल जास्त होतं. भीती सगळ्यांनाच वाटते. पण भर पानठेल्यावर उभं राहून एखादा धडधाकट, चष्मेवाला, जिल्हा परिषदेचा मास्तर "मले तं बाप्पा लय भेव लागते" असं म्हणाला, की ऐकणारे एकमेकांकडे बघतात आणि तो गेल्यावर हसतात. मीही हसायचो. ते माझ्याच घरात भाड्याने राहत, म्हणून माझ्या हसण्याला जरा जास्त किंमत होती.

आमचं गाव घाटंजीहून आत, जंगलाला लागून. गुरुजींची बदली होऊन ते आले तेव्हा टेम्पोतून आधी एकटेच उतरले. बायको, दोन लेकरं आणि मांडीवरचं तिसरं टेम्पोतच. नमस्कार झाला, आणि पहिला प्रश्न आला, "भाऊ, विहिरीले कठडा हाय का?"

"हाय, पण एकीकडून ढासळलेला हाय," मी म्हणालो.

"मंग लेकरं खाली नाई उतरवत. काट्या भेटतीन का बोरीच्या?"

अर्धा तास ते माझ्या परसातल्या विहिरीभोवती बोरीच्या काट्या रचत होते. हाताला रक्त आलं. टेम्पोवाला करवादला. सुवार्तावहिनी, म्हणजे गुरुजींची बायको, आत बसून लेकरांना वारा घालत होत्या. त्यांना याची सवय असावी. कुंपण पुरं झाल्यावर गुरुजींनी ते हलवून पाहिलं आणि मगच एकेक लेकरू खाली घेतलं: थोरली कृपा, मधला दाविद, आणि दुपट्यातली सोनू.

गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. माझी आई तेव्हा हयात होती. तिने ओसरीवरूनच विचारलं, "म्हंजे तुमी खाता काय रे बाबू?"

"जे भेटन ते, माय. आज वांगे भेटले," गुरुजी म्हणाले. आईने त्याच दिवशी त्यांना आपलं म्हटलं.

त्यांच्या भीतीची यादी लांब होती. विंचू, साप, वीज, विहीर, वळू, मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बसलेलं लहान मूल, उघडी डीपी, न झाकलेली पाण्याची टाकी. सकाळी पाचही जणांची पायताणं ते ओळीने काठीने ठोकत. तो ठकठक आवाज आला की माझी बायको म्हणे, "उठा, मास्तरची घंटी झाली." रस्त्याने जाताना पोरं पुढे आणि ते मागे. दर काही पावलांनी "कृपा?" "हाव." "दाविद?" "हाव." "सोनू?" सोनू त्यांच्याच खांद्यावर असे, पण तिचीही हजेरी होई. तीही वरून "हाव" म्हणे.

मी एकदा चेष्टेने विचारलं, "गुरुजी, तुमचा तं देवावर विश्वास हाय. मंग एवढं कायले भेता?"

ते चिडले नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला. म्हणाले, "सुधाकरभाऊ, भेव म्हंजे घरचं कुत्रं हाय. भुकलं तं उठून पाहा लागते. कायले भुकलं म्हणून त्याले गोटा नाई माराचा." मग थोडं थांबून, "अन् देवानंच ते पाळाले देल्लं ना."

त्यांच्या आणि आमच्या घरात एकच मातीची भिंत, वर फटी. दिवेलागणीला त्यांची प्रार्थना चाले ती आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू येई. आधी एखादं गाणं. सुवार्तावहिनींचा गळा गोड होता. मग एक गोष्ट होई, ती मी दुसऱ्या कुठल्या घरात ऐकली नाही, त्यांच्या नातेवाइकांकडेही नसावी. प्रत्येकाने देवाला सांगायचं, आज कशाचं भेव लागलं. कृपा म्हणे, "गणिताच्या बाईचं." दाविद म्हणे, "पाटलाच्या गोऱ्ह्याचं." वहिनी कधी म्हणत, "गॅस संपल याचं." सर्वांत लांबलचक यादी गुरुजींची. ती चालू असतानाच सोनू, बोलायला लागल्यापासून, मध्येच मोठ्याने "आमेन" म्हणून मोकळी होई, कारण आमेननंतर जेवण. भिंतीच्या अलीकडे आम्ही तोंडाला पदर, फडकं लावून हसायचो. पण माझ्या बायकोने एकदा भाकरी थापता थापता मला विचारलं, "तुमाले कायचं भेव लागते हो?" मी म्हणालो, "काही नाही." लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यातली गोष्ट. फवारणीच्या औषधाचा प्लास्टिकचा डबा रिकामा झाला की घासूनपुसून घरात वापरायचा, ही आमच्याकडची रीत. झाकण घट्ट, डबा मजबूत. आमच्याकडे तशा एकात तुरीची डाळ होती. वहिनी एकदा वाटीभर डाळ उसनी न्यायला आल्या आणि तो डबा बघून तशाच परत गेल्या. पाच मिनिटांनी गुरुजी आले. हातात त्यांच्या घरचा स्टीलचा डबा, त्यावर वहिनींच्या माहेरचं नाव कोरलेलं.

"ताई, हा घ्या. तो मले द्या."

"अवं गुरुजी, तीनदा राखेनं घासला मी तो!" बायको म्हणाली.

"तुमी घासला, पण जहरानं नाई ना सोडलं." त्यांनी डाळ उकिरड्यात ओतायला लावली. डबा दोन बोटांत, अंगापासून लांब धरून नेला आणि गावाबाहेर खड्ड्यात पुरला. परत येऊन कोपरापर्यंत हात धुतले. बायको आठवडाभर त्यांची नक्कल करून दाखवी, दोन बोटांत चिमटा धरल्यासारखं चालून.

पुढच्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली, अळीने कहर केला आणि लोक दोन-दोन औषधं मिसळून फवारू लागले. मग एकेक माणूस चक्कर येऊन, डोळ्यांपुढे अंधारी येऊन दवाखान्यात जाऊ लागला. आमच्याच गल्लीतला एक जण आठ दिवस दिसत नसल्यासारखा भिंत धरून चालत होता. तेव्हा ती नक्कल बंद झाली. स्टीलचा डबा अजून आमच्याकडे आहे. परत द्यायचं राहून गेलं.

त्याच वर्षी, दिवाळीनंतर, वाघ आला. आमच्या भागात वाघ नवा नाही, पण तो जंगलात असतो, आपण शेतात. हा शेतात राहू लागला. उंच कपाशीत त्याला आडोसा, नाल्यात पाणी, वर रानडुकरं. शेजारच्या शिवारात एक बाई वेचणी करता करता गेली. ओटीत वेचलेला कापूस तसाच होता म्हणतात. त्यानंतर आमच्या गावाचं बोलणंच बदललं. माणसं हळू बोलू लागली. गुरं दिवस असतानाच घरी. मुलं शाळेत सोडायला बाप जाऊ लागले, आणि आता गुरुजींच्या हजेरीला कोणी हसत नव्हतं. उलट सगळेच आपापल्या पोरांची हजेरी घेत होते.

वनखात्याच्या माणसाने गावात येऊन सांगितलं होतं: वाघाचा पंजा कुठे उमटलेला दिसला, तर त्यावर टोपलं पालथं घाला, वर गोटा ठेवा आणि फोन करा. मिटू देऊ नका.

गुरुजींनी हे मनावर घेतलं. रोज सकाळी, शाळेच्या आधी, ते काठी घेऊन माझ्या शेतामागच्या वाटेने नाल्याच्या वळणापर्यंत जात आणि धुळीतल्या खुणा बघत. याला ते 'पेपर वाचणं' म्हणत. परत आले की पानठेल्यावर माणसं विचारत, "काय गुरुजी, काय छापून आलं आज?"

"दोन रानडुकरं, एक कोल्हा, अन् कौसल्याबाईची शेळी. शेळी लंगडून राह्यली, तिले सांगा."

आणि खरोखरच शेळीच्या खुरात काटा निघे. मनाने भित्रा, पण नजर अशी! धुळीवरून ते सांगत, किती वेळापूर्वीचा माग आहे, जनावर थांबलं होतं की चालत होतं. त्या हिवाळ्यात दोनदा त्यांनी पंजा ओळखून टोपलं घातलं, आणि दोन्ही वेळा गाव त्या बाजूला फिरकलं नाही. ते "वाट मोकळी हाय" म्हणाले की माझ्या शेतात बाया वेचायला येत. नाही म्हणाले की कोणी येत नसे. मला हे खटकू लागलं होतं. माझ्या शेतात कोण येणार हे एका भित्र्या माणसाच्या चष्म्यावर ठरावं, असं मी मनात म्हणे.

आता जे सांगायचं ते सांगतो.

त्या वर्षी मुख्य वेचे अळीने खाल्ले होते. मी झाडं उपटली नाहीत, एक पाणी देऊन फरदड घेतली. फरदड म्हणजे हंगाम सरल्यावर त्याच झाडांवर येणारा मागचा कापूस. मार्च संपत आला तरी तो शेतात उभा होता. हलका, कवडीचा, म्हणजे किडका, पण मला तेवढाच होता. शुक्रवारी मोठ्या मिनतवारीने कौसल्याबाईने स्वतःसकट आठ बाया जमवल्या, शनिवारी यायच्या. शनिवारी उजाडता उजाडता मी शेतात गेलो. नाल्याच्या वळणावर, वाटेच्या मधोमध, पंजे होते. ताटलीएवढे. कडांची माती अजून ढासळलेली नव्हती. नाल्याच्या दिशेने जात होते. परतीचे नव्हते.

माझ्या खोपीत टोपलं होतं. मी ते आणायला चार पावलं गेलोही. मग थांबलो. मग मी कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटली आणि तिचा खराटा करून वीस-पंचवीस पावलं वाट झाडून काढली. वर मातीची चिमूट चिमूट भुरभुरवली. काम मी नीट केलं.

आठ बायांना मी त्याच शिवारात उभं केलं. हे एका माणसाखेरीज आजवर कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून गुरुजींचा पेपर त्या दिवशी राहिला होता. अकराच्या सुमारास ते आले ते तिन्ही लेकरांना घेऊन. दुसऱ्या दिवशी त्यांचा झावळ्यांचा रविवार. येशू गाढवावर बसून शहरात आला तेव्हा लोकांनी हातात झावळ्या घेतल्या, त्याची ती आठवण. चर्च घाटंजीच्याही पलीकडे, म्हणून ते घरीच अंगणात पोरांची मिरवणूक काढत. नाल्यात शिंदीची झाडं होती, तिथून दर वर्षी पानं तोडून नेत. पोरांसाठी तो वर्षातला मोठा दिवस. त्या हिवाळ्यापासून त्यांना घर, शाळा, घर एवढंच होतं. सोनू खांद्यावर टाळ्या वाजवत होती.

बाया बांधावर पाणी प्यायला बसल्या होत्या. कौसल्याबाई म्हणाली, "काय जी गुरुजी, तुमचा देव झाडाच्या पानानंच खूश होते?"

"पोट्टे खूश होतात, बाई. देवाचं देव पाहीन." सगळ्या हसल्या. मग ते माझ्याकडे वळले. "भाऊ, आज पेपर नाई वाचला मी. तुमी वाट पाह्यली का?"

बाया ऐकत होत्या. नऊ माणसांचे डोळे माझ्यावर होते, पोरांचे वेगळे.

"पाह्यली," मी म्हणालो. "काही नाही."

"तरी मी बी पाहातो एकदा." ते वळणापाशी गेले, वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. मी उभा होतो तिथून ते दिसत होते. मी मनात म्हणालो, उन्हं चढलीत, तो केव्हाच निघून गेला असेल. हेही मनात म्हणालो की, यांना कळलं तर बरं होईल. दोन्ही मनातच. गुरुजींनी हात वर केला, वाट मोकळी आहे अशी खूण केली, आणि पोरांना घेऊन नाल्यात उतरले. "कृपा?" "हाव." "दाविद?" "हाव." आवाज खाली खाली गेला.

किती वेळ गेला सांगता येत नाही. बाया पुन्हा वेचायला लागल्या होत्या. मी एकदा वळणाकडे निघालो आणि अर्ध्यातून परत फिरलो. मग नाल्याच्या काठावर गुरुजींची पाठ दिसली. पाठच. ते उलट्या पावलांनी वर चढत होते. खांद्यावर सोनू, दोन्ही हात वर ताणून तिला आणखी उंच धरलेलं, आणि सदऱ्याला दोन्हीकडून लोंबकळलेली दोन पोरं. मला आधी हसू आलं. खरंच आलं. गुरुजींचा काही नवा खेळ वाटला. मग त्यांचा आवाज ऐकला. शाळेत पाढे म्हणवतात तसा, मोठा, एकसुरी:

"पळाचं नाई. पाठ नाई दाखवाची. दाविद, हात नाई सोडाचा. पळाचं नाई. सोनू, बाबाच्या डोक्याले धर. पळाचं नाई."

शिंदीच्या झुडपाबाहेर तो उभा होता. पूर्ण दिसत होता. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. गुरुजी एक पाऊल मागे आले की तो एक पाऊल पुढे येई आणि थांबे. असं बांधापर्यंत चाललं. मग बायांनी पाहिलं आणि एकच किंकाळी उठली, डबे वाजले. तो वळला आणि जायची घाई नसल्यासारखा पलीकडच्या काठाने निघून गेला.

गुरुजी तेव्हाही थांबले नाहीत. पाठीमागे येत येत माझ्या अंगावर आदळले तेव्हा थांबले. त्यांची पँट ओली झाली होती. दाविदच्या मुठीत शिंदीचं एक पान होतं. सोनू विचारत होती, "बाबा, तो मोठ्ठा भाऊ कोन होता?"

नंतर जे झालं ते आधीपेक्षा वाईट झालं, निदान माझ्यासाठी.

गावाने गुरुजींना दोष दिला. वनखात्याच्या माणसानेही चार शब्द सुनावले, पानांसाठी एवढीएवढी लेकरं नाल्यात नेली म्हणून. गुरुजींनी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांना त्याचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी, त्यांच्या सणाच्या दिवशी, ते मला घेऊन वळणावर गेले. नाल्यातून परतीचे ताजे पंजे पलीकडे दिसत होते. अलीकडे काही नाही.

"इथून गेला असंनच ना तो? दुसरी वाट नाई." ते गुडघ्यांवर बसले. "मी इथंच पाह्यलं, भाऊ. दोनदा पाह्यलं. पऱ्हाटी वढत नेल्याच्या रेघा होत्या, तेवढ्या दिसल्या. पंजे काहून नाई दिसले मले?"

त्या रेघा त्यांनी पाहिल्या होत्या. अख्ख्या पंचक्रोशीत धूळ वाचणारा तो एक माणूस, आणि त्याने त्या वाचल्याही होत्या. फक्त त्याआधीच मी वाट पाहिल्याचं सांगून "काही नाही" म्हणालो होतो.

मी तिथे बोलायला हवं होतं. बोललो नाही. म्हणालो, "होते असं कधी कधी, गुरुजी."

त्यानंतर त्यांनी पेपर वाचणं सोडलं. यवतमाळला जाऊन डोळे तपासून आले. नंबर तोच निघाला, तरी नवा चष्मा केला. आणि पोरं घरात कोंडली. शाळेला सुट्ट्या लागल्या आणि एप्रिल-मेच्या उन्हात, टिनाच्या दोन खोल्यांत, तिन्ही लेकरं दिवसभर दाराआड. खिडकीला त्यांनी जाळी ठोकली. आमच्या मधल्या अंगणातसुद्धा, जिथे कुंपण, भिंत, माणसं सगळं आहे, पोरांना पाय ठेवू देईनात. वहिनी एकदा माझ्या बायकोपाशी रडल्या. म्हणाल्या, "आधी हे भेत, पण पाहून भेत. आता पाहातच नाईत. म्हणतात, माह्या पाह्यन्याचा भरवसा नाई, मंग कसं सोडू?" पोरांच्या अंगावर घामोळ्यांनी फोड आले. दाविद खिडकीच्या जाळीला नाक लावून बसायचा. जाळीची छाप त्याच्या नाकावर उमटलेली असायची. मी अंगणातून जाताना मान वळवत नसे.

मेमध्ये एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला दोघांना प्रार्थनेला बोलावलं. कृपाचा वाढदिवस होता. वहिनींनी कुकरमध्ये वाळू घालून केक केला होता. गाणं झालं. मग नेहमीचं: आज कशाचं भेव लागलं. कृपा काहीतरी म्हणाली. मग दाविद. त्याने आधी खिडकीच्या जाळीकडे पाहिलं. मग म्हणाला, "देवा, बाबाले वाघ दिसत नाई, त्याचं भेव लागते."

सोनूनेही आमेन म्हटलं नाही. गुरुजींनी चष्मा काढला आणि हातातच धरला. मग, पाहुण्यांचा मान म्हणून असेल, माझ्याकडे बघून म्हणाले, "सुधाकरभाऊ, तुमी?"

"सापाचं," मी म्हणालो.

केक गोड होता. मी दोन तुकडे खाल्ले.

त्यांनी स्वतः अर्ज करून बदली मागून घेतली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची शाळा मिळाली. तिकडे जंगल नाही, हे त्यांनी चौकशी करून पाहिलं होतं. जूनमध्ये टेम्पो आला. सामान चढलं. वहिनी आत माझ्या बायकोचा निरोप घेत होत्या. लेकरं टेम्पोच्या पुढच्या सीटवर, दार लावून, काच वर. काचेवर तीन तोंडं.

गुरुजींनी माझे हात हातात घेतले. "तीन वर्सं सांभाळलं तुमी आमाले. तिकडं जंगल नाई म्हणतात. पण लेकराईले बाहेर काढन की नाई, मलेच सांगता येत नाई. डोळ्यावरचा भरवसाच गेला, भाऊ."

तेव्हा मी सांगितलं. कसं सुरू केलं आठवत नाही. पंजे होते, म्हणालो. सकाळीच पाहिले, बाया येणार नाहीत म्हणून मी झाडले, पऱ्हाटीने. त्यांचे हात अजून माझ्या हातांभोवती होते.

मला वाटलं ते मारतील. किंवा रडतील. त्यांनी विचारलं, "म्हंजे वाटेवर पंजे नव्हतेच? मी पाह्यलं तवा?"

"नव्हते. मी मिटवले होते."

"अन् रेघा? त्या तुमच्याच?"

"हाव."

"म्हंजे माहे डोळे ठीक हायेत."

"ठीक हायेत गुरुजी. तुमी बरोबरच पाह्यलं होतं."

त्यांनी एक मोठा श्वास सोडला. तसा श्वास मी माणसाचा ऐकला नव्हता, लांबून आलेल्या बैलाच्या मानेवरचं जू काढल्यावर तो सोडतो तसा. ते टेम्पोपाशी गेले, दार उघडलं आणि म्हणाले, "उतरा रे. निंबाखाली खेळा, आईचं होईस्तोवर." पोरांना आधी खरं वाटेना. मग दाविद उडी मारून पळाला. त्याच्यामागे कृपा. सोनू धडपडली, उठली आणि पळाली. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या अंगणात धूळ उडाली. गुरुजी कडेला उभे राहून सगळीकडे बघत होते, झाडाखाली, भिंतीकडे, विहिरीकडे. त्यांची नजर पहिल्यासारखी फिरत होती.

मग ते माझ्याकडे आले. "माफ केलं, भाऊ," म्हणाले. शब्द स्पष्ट होते. त्यांनी ते मनापासून म्हटले असं मी आजही मानतो, धर्माने त्यांना तसं म्हणणं भागच होतं म्हणून नव्हे.

तेवढ्यात सोनू आली. तिला माझी सवय होती. माझ्या बोटाला धरून ती कितीदा गोठ्यात वासराकडे जायची. तिने हात पुढे केला, "काका, चाल ना." मी वाकलो.

गुरुजी मध्ये आले. घाईने नव्हे. तिला उचललं, दुसऱ्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. त्यांचा चेहरा माझ्यासमोर हातभर अंतरावर होता. वीज कडाडली, वळू आला, साप निघाला, तेव्हाचा तो चेहरा मी तीन वर्षं पाहिला होता, हसलो होतो. तो आता माझ्याकडे बघत होता.

"भाऊ," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "लेकरं खेळून राह्यली. तुमी तिकडंच थांबा."

मी गोठ्याच्या दारापाशी जाऊन थांबलो. माझंच अंगण होतं. वहिनी बाहेर आल्या, पोरं चढली, टेम्पो निघाला, वळला, दिसेनासा झाला. बायकोने आतून दोनदा हाक मारली. मी तिथंच उभा होतो.